कोल्ड स्टोरेजवाल्या अंकलना, चारचौघांत

अंकल,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "कितें गो तें" म्हणता आणि चोरिसांची, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजची, माळ तोलायला वळता. म्हणून आता लिहूनच मानते, आणि तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही. नाव घालत नाही. म्हापशाच्या बाजारात ज्यांना तारवावरून, म्हणजे जहाजावरच्या नोकरीतून, निवृत्त होऊन आलेले कोल्ड स्टोरेजवाले अंकल ठाऊक आहेत, ते ओळखतील. बाकीच्यांना ओळखायची गरज नाही.

आमचे घर डिचोलीकडचे. चतुर्थीला गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी, मिसळ भाज्यांचे खतखते, पातोळ्या आणि नेवऱ्या, म्हणजे करंज्या, हे ठरलेले. नेवऱ्या सासूबाईंच्या हातच्या. गेली काही वर्षे त्यांचे मनगट लाटणे धरू देत नाही. नैवेद्यापुरत्या त्या अजूनही स्वतःच करतात, तिथे कोणाला हात लावू देत नाहीत, आणि तसेच असावे. अडचण होती ती गणपती बघायला येणाऱ्यांची. संध्याकाळ झाली की शेजारी, सोयरे, ह्यांच्या कचेरीतले लोक, मुलांचे मित्र, सगळे एकदमच येतात. प्रत्येकाच्या हाती बशी द्यायची. फरसाण आणून वेळ मारून नेता येते, पण परसात काजू असताना पाहुण्याला फरसाण देणे मला बरे वाटत नव्हते. बेकरीतल्या पॅटिसला असते तसले आयते कवच मिळाले तर आत काजूचे सारण भरून पटकन भाजता येईल, एवढीच कल्पना घेऊन मी तुमच्या दुकानात आले.

आणि तुम्ही मला माल विकला नाहीत.

पहिल्यांदा त्याचेच आभार. फ्रीजरमधून पफ शीटचे पाकीट काढून तुम्ही दोन्ही हातांनी अलगद चाचपलेत, कडेचा बर्फ नखाने खरवडलात आणि परत ठेवून दिलेत. "परवा रात्री वीज गेली होती. हे एकदा सैल पडून पुन्हा गोठले आहे. पाने एकमेकांना चिकटली असतील. नवा माल आला की ये." शेजारी आणखी गिऱ्हाईक उभे होते, त्याच्या देखत बोललात. पावसाळ्यात वीज गोव्यात कुठे जात नाही? पण ते गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता. चांगले पाकीट कसे ओळखायचे तेही तेव्हाच दाखवलेत: पाटीसारखे सपाट आणि कडक हवे, आत बर्फाचा चुरा खुळखुळता कामा नये, आणि एका बाजूला फुगवटा आला असेल तर ते कधीतरी उभे ठेवलेले असताना वितळले आहे.

नवा माल आला तेव्हा तुम्ही पाकीट वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून बर्फासकट थर्माकोलच्या पेटीत घालून दिलेत. पेटीला बांगड्याचा वास आहे की काय म्हणून मी हुंगून पाहिली, ते तुम्ही बघितलेत आणि हसलात. (नव्हता.) बसमध्ये मांडीवर पेटी घेऊन बसले तर शेजारची बाई विचारते, इसवण (सुरमई) केवढ्याला मिळाला.

खरे सांगायचे तर माझ्या मनात तेव्हाही चुकचुकत होते. विकतचे पीठ, म्हणजे केले ते काय? घरी कोणी विचारले तर काय सांगायचे? हे मी तुमच्यापाशी बोलले, तेव्हा तुम्ही विचारलेत, "पाव तू घरी भाजतेस?" गोव्यात पाव घरी कोण भाजतो? सकाळ-संध्याकाळ पोदेर सायकलवरून हॉर्न वाजवत येतो, आपण उंडे नाहीतर पोळी, दोन्ही पावच, घेतो, आणि भाजी तेवढी आपली. त्या भाजीला कोणी विकतची म्हणत नाही. तुम्ही जहाजावर असताना तुर्कस्तानच्या बंदरात पाहिलेले सांगितलेत. तिकडे बोरेकसाठी, म्हणजे आत सारण भरून भाजलेल्या खाऊसाठी, लागणारी युफ्का नावाची पातळ पोळी लाटून विकणारी वेगळी दुकानेच असतात. बायका ती घडी करून घरी नेतात, आणि आत काय भरायचे ते ज्याच्या त्याच्या घरचे. जहाजावरच्या तुमच्या भटारखान्यातही शीट गोठलेल्याच यायच्या.

पण सगळेच आयते घ्यावे असेही तुमचे म्हणणे नव्हते. पिस्त्याचा बकलावा, म्हणजे तिकडची पातळ थरांची मिठाई, करून बघू का, म्हणून मी विचारले तर तुम्ही मान हलवलीत. तो ज्यांच्या हातात बसला आहे त्यांनीच करावा, म्हणालात. तुर्कस्तानातल्या गाझियानतेपच्या बकलाव्याला २०१३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्या बेबिंकाला २०२३ मध्ये इथले. दोन्हींत थर आहेत आणि दोन्हींत कोणाची तरी उभी दुपार जाते. बेबिंकाचा एकेक थर ओतून, भाजून, मगच पुढचा. पफ शीटमध्ये ही मेहनत कारखान्याने आधीच करून ठेवलेली असते. पिठात लोणी घालून तीन पदरी घडी, पुन्हा लाटणे, पुन्हा घडी. शास्त्रोक्त सहा वेळा घडी घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, मधले स्निग्ध थर तिला सहज पार जाऊ देत नाहीत, म्हणून ती पाने वर उचलते. खमीर नाही, सोडा नाही, नुसती वाफ. म्हणून तुमचा एकच हेका होता: पीठ गार, सारण कोरडे. बाकी काही विसरलीस तरी चालेल.

गार म्हणजे किती गार, हे आपल्या हवेत कोणीतरी सांगायलाच हवे होते. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते, आणि भाद्रपदात माझे स्वयंपाकघर त्याच्या फार मागे नसते. थर ओव्हनमध्ये जायच्या आधीच एकमेकांत विरघळले तर फुगायला उरते काय? बाजारातल्या बऱ्याच शीटमध्ये लोण्याऐवजी मार्जरिन असते, ते उष्णतेला जास्त टिकते, पण टाळूला किंचित मेणचट लागते. त्यावर तुमचा तोडगा मला फार आवडला: कवचात लोणी नाही ना, मग सारणात घाल. पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात. ओट्यावर एका वेळी एकच शीट, दुसरी आत. हाताला मऊ लागायला लागली की हट्ट न करता परत फ्रीजमध्ये, दहा मिनिटे.

कापण्याची गोष्ट तर मी अजून सगळ्यांना दाखवते. आमच्याकडे नेवऱ्यांना कातण फिरवतात, कडेला नक्षी येते. ती मी मोठ्या हौसेने घेऊन ठेवली होती. तुम्ही म्हणालात, कातण बाजूला ठेव, ती कडा दाबून शिवून टाकते आणि थर तिथेच मिटतात. धारदार सुरी वरून सरळ खाली दाबायची, ओढायची नाही. भाजून झाल्यावर कडेकडे बघितले तेव्हा पटले. सुरीने कापलेल्या बाजूला वहीच्या पानांसारखे थर सुटे दिसत होते, मोजायला बसावे असे.

सारणाचे श्रेय तुमचे आणि सासूबाईंचे निम्मे निम्मे. विचारणारे फार झाले आहेत, म्हणून इथेच लिहिते. काजू तुकडा घ्यायचा. डब्ल्यू ३२० प्रतीचे अख्खे काजू, म्हणजे पौंडात ३०० ते ३२० बसतात ते, देण्याघेण्याला ठेवावेत. कुटायचेच आहेत तर मोडलेले घ्यायला काय झाले? २०० ग्रॅम तुकडा मंद आचेवर तांबूस होईतो भाजायचा आणि पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम काजू कुटला की तेल सोडतो. ८० ग्रॅम माडाचा गूळ, तो काळा शंकूसारखा मिळतो तो, किसून. ३० ग्रॅम लोणी. वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. इथवर तुमचे. सासूबाईंनी लांबूनच बघितले आणि म्हणाल्या, गूळ पाघळून बाहेर येईल, मूठभर भाजलेला रवा घाल. नेवऱ्यांच्या चुनात, म्हणजे सारणात, त्या हेच करतात. रव्याने पाघळलेला गूळ धरून ठेवला, एक थेंब ताटलीत सांडला नाही. तुम्हाला दुसऱ्या खेपेला हे सांगितले तेव्हा तुम्ही बिलाच्या पाठीवर 'रवा' असे लिहून घेतलेत. तारवावर इतकी वर्षे काढलेला माणूस माझ्या सासूबाईंचा सल्ला टिपून घेतो, हे मी त्यांना घरी येऊन सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी केला.

चौकोन हाताच्या चार बोटांएवढा, मध्ये लहान चमचाभर सारण, कडेला बोटाने पाणी, तिरपी घडी, काट्याने दाबून बंद. वर सुरीच्या टोकाने दोन चिरा, वाफ निघायला. चतुर्थीच्या घरात अंडे चालत नाही हे मी न सांगताच तुम्ही ओळखलेत. पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवलात आणि म्हणालात, वरून दुधात चिमूट साखर विरघळवून लाव, पण कापलेल्या कडेवर नको, ती चिकटली की फुगत नाही. भरून झाले की ताटलीसकट वीस मिनिटे पुन्हा फ्रीजरमध्ये. मग २०० अंशांवर दहा-बारा मिनिटे आणि १८० वर आणखी दहा. वरचा रंग बघून भुलायचे नाही, एक उलटी करून बुडाला रंग आला आहे का ते बघायचे. आमच्या लहान ओव्हनमध्ये मागची बाजू आधी लागते, म्हणून मध्येच ताटली फिरवावी लागते.

पावसाळी हवेचा इलाजही तुमचाच. सकाळी भाजलेले संध्याकाळपर्यंत सादळते, तेव्हा सगळे एकदम भाजायचेच नाही. भरून, कच्चेच गोठवून ठेवायचे आणि माणसे अंगणात चपला काढायला लागली की ताटली आत सारायची. मला हे सगळ्यात उपयोगी पडले. आरतीच्या वेळी मी स्वयंपाकघरात घामाने निथळत नव्हते. टाळ हातात घेऊन सगळ्यांबरोबर उभी होते, आणि मागून भाजक्या गुळाचा वास येत होता. उरलेले दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर पाच मिनिटांत पुन्हा कुरकुरीत झाले. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नकोस, वातड होतील, असे तुम्ही बजावले होते, ते ह्यांनी ऐकले नव्हते. त्यांनी आपल्या वाटणीचे वातड खाल्ले.

सासूबाईंचा निकाल काय लागला, हे तुम्ही दरवेळी विचारता आणि मी दरवेळी टाळते. आता लिहूनच सांगते. त्यांनी एक खाल्ले, कवचाबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि म्हणाल्या, "काजू जरा जाडसर ठेवलास, दातांखाली यायला बरा." मग शेजारच्या वहिनींना सांगताना मी ऐकले: "आमच्याकडे यंदा काजूचे केले होते." केले होते! पाकिटाचे नाव नाही, काही नाही.

तेव्हा अंकल, देव बरें करूं. येत्या चतुर्थीसाठी तीन पाकिटे माझ्या नावाने बाजूला ठेवा, पैसे आगाऊ देऊन जाईन. वीज गेली तर फोन करा, मी दुसरा दिवस धरीन. थर्माकोलची पेटी अजून माझ्याकडेच आहे, ती भरून परत करीन. आणि गणपती बघायला या, आंटींना घेऊन. संध्याकाळी आरतीच्या आधी आलात तर गरम मिळतील.

तुमची,
डिचोलीची काजूवाली