आयर्टन सेन्ना याच्या स्मरणार्थ महामार्ग प्रथमोपचार पथक : मदतीचे आवाहन

ग्रामस्थ बंधुभगिनींनो आणि मुंबईकर चाकरमान्यांनो, सस्नेह नमस्कार.

१ मे हा आपला महाराष्ट्र दिन. १९९४ साली याच तारखेला इटलीतील इमोला येथे शर्यत सुरू असताना ब्राझीलचा फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा चालक आयर्टन सेन्ना अपघातात गेला, तेव्हा तो अवघा ३४ वर्षांचा होता. १९८८, १९९० आणि १९९१ ची जगज्जेतेपदे आणि ४१ शर्यतींतील विजय त्याच्या नावावर आहेत. परंतु आमच्या मंडळाने या उपक्रमासाठी त्याची आठवण जागवली आहे ती त्याच्या वेगामुळे नव्हे, तर तो एकदा थांबला म्हणून.

ऑगस्ट १९९२ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी फ्रेंच चालक एरिक कोमास याची गाडी जोरात आदळली आणि तो बेशुद्ध झाला. गाडीचे इंजिन मात्र चालूच होते. मागून आलेल्या सेन्नाने आपली गाडी थांबवली, धावत जाऊन ते इंजिन बंद केले आणि डॉक्टर येईपर्यंत कोमासचे डोके हलू न देता धरून ठेवले. तो दुसऱ्या संघाचा प्रतिस्पर्धी होता, याचा विचार सेन्नाने केला नाही. हे ज्ञान आपोआप आलेले नव्हते. १९९० मध्ये मार्टिन डोनेली या चालकाच्या अपघातानंतर शर्यतींचे डॉक्टर सिड वॉटकिन्स उपचार करत असताना सेन्ना जवळ उभा राहून पाहत होता आणि पुढे त्याने त्यांना त्याबद्दल विचारूनही घेतले होते. त्याच्या मृत्यूनंतर बहीण व्हिव्हियान हिने ब्राझीलमधील मुलांच्या शिक्षणासाठी त्याच्या नावाने संस्था उभी केली.

मुंबई-गोवा महामार्गावरील कशेडी, भोस्ते आणि परशुराम घाटांच्या या टापूत, विशेषतः पावसाळ्यात आणि गणपतीच्या गर्दीत, अपघातस्थळी सर्वात आधी पोहोचतो तो रिक्षावाला, टपरीवाला किंवा वाडीतला तरुण. त्याच्या मनात माणुसकी असते, पण जखमीला घाईने ओढून बाहेर काढल्यास मणक्याला कायमची इजा होऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीतीही असते. वास्तविक मोटार वाहन कायद्यात २०१९ साली समाविष्ट झालेल्या कलम १३४अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण आहे, आणि ही गोष्ट घरोघर पोहोचावी असे आम्हांला मनापासून वाटते.

यासाठी महामार्गालगतच्या वाड्यांतील तरुण, रिक्षाचालक आणि बचत गटांतील भगिनींना गणपतीपूर्वी डॉक्टरांकडून प्रशिक्षण देण्याचे मंडळाने ठरविले आहे. रक्तस्राव दाबून थांबवणे, मान स्थिर ठेवणे, १०८ क्रमांकावर नेमके ठिकाण सांगणे, मागून येणारी वाहने सावध करणे, हे त्यात शिकवले जाईल. स्ट्रेचर, मानेचे पट्टे, बँडेज, बॅटऱ्या आणि रात्री चमकणारी जाकिटे यांसाठी निधी हवा आहे. रकमेची अट नाही. वस्तुरूपानेही मदत स्वीकारली जाईल. शिकवण्यास तयार असलेले डॉक्टर व परिचारिका यांनी अवश्य पुढे यावे, कारण पैशापेक्षाही आम्हांला त्यांची अधिक गरज आहे.

देणगी मंडळाच्या कार्यालयात खजिनदारांकडे देऊन पावती घ्यावी. जमाखर्च गणेशोत्सवानंतरच्या सभेत वाचून दाखवला जाईल.

आपले नम्र,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य