खांद्याबद्दल विचारणार नाही

चि. ओंकारला,
आईचे अनेक आशीर्वाद.

या पत्रात खांद्याबद्दल काही विचारायचं नाही, असं ठरवून बसले आहे. बाबांनाही तसं सांगितलं. ते "हो का?" म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. जोडाक्षरं आली की तू ताईला फोन लावतोस, हे मला ठाऊक आहे. हे पत्र तेवढं तिला दाखवू नकोस. वाचायला दोन दिवस लागले तरी चालतील.

शनिवारी पार्किंगमध्ये माझं चुकलं. सगळ्या पोरांसमोर तुझा खांदा चाचपायला नको होता. एकोणीस वर्षांचा मुलगा नुकता बेसबॉलचा सामना घालवून बाहेर येतोय, आणि आई एका हातात पुरणपोळ्यांचा डबा धरून दुसऱ्या हातानं त्याच्या बाहीशी झोंबतेय. तू इंग्रजीतून जे बोललास ते मी विसरले. विसरले नाही खरं तर, पण धरूनही बसले नाही. डबा मात्र तसाच परत आला. बाबांनी तीन दिवस पुरवून खाल्ल्या.

येताना गाडीत बाबा म्हणाले, एका चेंडूचं पोरानं फारच मनाला लावून घेतलंय. मी म्हटलं, एक चेंडू कुठला? आधीच्या दोन बॅटरना टाकतानाच त्याचं कोपर खाली येत होतं. दहा वर्षं त्या थंडगार लोखंडी बाकांवर बसून मी नुसतं विणकाम करत नव्हते. (हे कोपराबद्दल आहे, खांद्याबद्दल नाही.)

आता मूळ गोष्ट. समोरच्या आजोबांचं घर विकलं गेलं. त्यांची मुलगी परवा एक खोकं घेऊन दारात आली. "तुमच्या मुलाला द्या, दुसऱ्या कुणाला यातलं काही कळायचं नाही," म्हणाली. आत त्यांच्या वह्या आहेत. आजोबा तेव्हा बारा वर्षांचं पोरगं, ब्रुकलिनमध्ये रेडिओला कान लावून पेन्सिलीनं मांडलेले त्यांच्या लाडक्या डॉजर्सचे सामने. 1951 ची वही मी रात्री उघडली. एप्रिलपासून एकेक पान, त्यांचे वैरी जायंट्स, त्यांच्याशी झालेल्या सामन्यांना लाल पेन्सिलीची चौकट. शेवटच्या पानावर 3 ऑक्टोबर. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) रकान्यात 'ब्रँका' लिहिलंय आणि पुढचे रकाने कोरे. पेन्सिल खाली ठेवली असणार.

ती गोष्ट तू त्यांच्या पायरीवर बसून किती वेळा ऐकलीस! मी पलीकडे तुळशीला पाणी घालत ऐकायची. तेव्हा डोक्यात एवढंच शिरलं होतं की एक संघ लाडका आणि एक चोर. वहीमुळे आता नीट कळलं. जायंट्सची सुरुवात इतकी वाईट, की पहिल्या 14 सामन्यांत 2 विजय. मे महिन्यात विली मेज नावाचं वीस वर्षांचं पोरगं आलं. पहिल्या तीन सामन्यांत त्याला एकही हिट नाही. रडत म्हणाला, मला खालच्या लीगमध्ये परत पाठवा. ड्युरोशर मॅनेजर तोंडाचा फटकळ, पण त्याला म्हणाला, इथेच राहायचंस. (रडला म्हणून काही त्याचं कमी झालं का? असो.) 11 ऑगस्टला जायंट्स 13½ सामन्यांनी मागे. आजोबांच्या घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले होते म्हण. मग जायंट्सनी लागोपाठ 16 जिंकले, शेवटच्या 44 मधले 37 जिंकले, आणि 154 सामने संपले तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत. पेनंटसाठी, म्हणजे लीगच्या विजेतेपदासाठी, तीन सामने आणखी. पहिला जायंट्सनी घेतला, दुसरा डॉजर्सनी 10-0 असा धुऊन काढला, आणि तिसरा हा, पोलो ग्राउंड्सवरचा, कोऱ्या रकान्यांचा.

डॉजर्सची 4-1 अशी आघाडी होती रे. त्यांचा पिचर न्यूकम थकला, एक रन गेला, बेसवर दोघे उभे. राखीव पिचर थांबतात त्या बुलपेनमध्ये अर्स्किन आणि ब्रँका दोघेही हात मोकळा करत होते. अर्स्किनचा चेंडू जमिनीवर टप्पा घेत होता, म्हणून बोलावणं ब्रँकाला आलं. पाठीवर 13 आकडा. दोन चेंडू टाकले त्यानं, फक्त दोन. दुसरा जायंट्सच्या बॉबी थॉमसननं डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. होम रन. जायंट्स 5-4.

पायऱ्यांवर तोंड खुपसून पडलेल्या ब्रँकाचा फोटो आजोबांनी तुला दाखवला तेव्हा तू सहा-सात वर्षांचा होतास. "याची आई कुठे आहे?" असं विचारलं होतंस. मला हसू आलं होतं तेव्हा.

लोक सांगतात, त्या चेंडूनं ब्रँका संपला. वयाच्या 21 व्या वर्षी, 1947 मध्ये, 21 सामने जिंकलेला पोरगा, आणि 1952 मध्ये जेमतेम 4. मीही तेच धरून चालले होते. पण आजोबांची मुलगी दारात उभ्या उभ्या म्हणाली, माझे वडील यावर फार चिडायचे. पुढच्या वसंतात सरावाच्या दिवसांत ब्रँका खुर्चीवरून पडला, कमरेला मार बसला, आणि त्यानंतर चेंडू पूर्वीसारखा सुटेना. सगळं जग त्याच्या मनाकडे बघत बसलं, दुखत होती कंबर.

हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

आणि गप्प तरी किती बसावं एखाद्यानं! ड्युरोशरच्या माणसांनी सेंटरफील्डमागच्या क्लबहाऊसच्या खिडकीत दुर्बीण लावली होती, कॅचर पिचरला बोटांनी खूण करतो ती पाहून तारेवरून बझर वाजवायचे, म्हणजे कुठला चेंडू येणार ते आपल्या बॅटरला आधीच कळावं, हे तुला पाठ आहे. तार जोडणारा इलेक्ट्रिशियन स्वतः डॉजर्सचा चाहता होता, हे सांगताना आजोबा दर वेळी कपाळावर हात मारून घ्यायचे. ही गोष्ट पेपरात सविस्तर आली 2001 च्या जानेवारीत. पण ब्रँकाला ती 1954 मध्येच, डेट्रॉइटला खेळताना एका सहकाऱ्यानं सांगितली होती. तरी इतकी वर्षं तो जाहीरपणे बोलला नाही. रडतराऊ म्हणतील म्हणून. उलट थॉमसनच्या शेजारी बसून त्याच होम रनच्या फोटोंवर सह्या केल्या, त्याच्याशी मैत्री केली. थॉमसन मात्र त्या चेंडूची खूण मला मिळाली नव्हती असंच म्हणत राहिला.

आजोबा याला मोठेपण म्हणायचे. मीही म्हणायची. तुझ्यात तोच गुण दिसायला लागला तेव्हा मंडळात चारचौघींत मिरवलासुद्धा मी. पडला तरी रडत नाही माझा ओंकार, म्हणून. आता वाटतं, जीभ आवरायला हवी होती.

आमच्या कोल्हापूरच्या थोरल्या मामांनी वस्तादांना कधी सांगितलं नाही की उजवा हात वर जात नाही. खासबागेत कुस्ती जिंकलेसुद्धा त्याच हातानं. म्हातारपणी मामींना त्यांचा फेटा बांधताना पाहिलंय मी. हसून म्हणायचे, लाडानं बांधून घेतो. लाडानं नव्हतं ते. तू म्हणशील कुस्तीचा आणि बेसबॉलचा काय संबंध. नसेल. पण रात्री उशी कुठल्या कुशीला घेऊन झोपतोस, शर्ट डोक्यावरून काढताना आधी कुठला हात काढतोस, हे आईला दिसतं. दिवाळीत तू शर्ट डाव्या हातानं ओढून काढत होतास. तुमच्या ट्रेनरला सांग. तो बाकावर बसवेल म्हणून घाबरत असशील तर बसवू दे, एक वर्ष गेलं तर गेलं, शिक्षणासाठी पाठवलंय तुला, स्कॉलरशिप गेली तर बाबा आणि मी

सुरू झालं माझं व्याख्यान. माफ कर. एवढा भाग खोडणार होते, पण तू खोडलेलं उजेडात धरून वाचतोस.

चेंडू टाकतोस तेव्हा मला अभिमान वाटतो, हे कधी सांगितलंय का तुला? बाबा ओरडतात, मी ओरडत नाही, म्हणून तुला वाटत असेल हिला काही नाही. शनिवारी तू बुलपेनच्या दारातून धावत आलास आणि टोपी नीट केलीस, अगदी अण्णांसारखी. त्यानंतरचं सगळं मी भिऊनच पाहिलं.

अजून एक. ब्रँकाच्या आईचं. ती हंगेरीहून आलेली. 17 मुलं, त्यात हा पंधरावा. सगळ्यांना चर्चला नेलं, आणि आपण जन्मानं ज्यू आहोत हे एकालाही सांगितलं नाही. तिची काही भावंडं नाझींच्या छावण्यांत मेली. हे ब्रँकाला कळलं तेव्हा तो 85 वर्षांचा होता. मी परत परत त्या बाईचाच विचार करते आहे. घरात सतरा पोरं, आणि ओठ बंद.

तुला राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. गेल्या मार्चमध्ये माझं ऑपरेशन झालं ते मी तुला तीन आठवड्यांनी सांगितलं. तुझे सामने होते, मग परीक्षा होती. ताईला, बाबांना, सगळ्यांना तोंड बंद ठेवायला लावलं. शनिवारी तू मराठीत एकच वाक्य बोललास, "तू तरी कुठे सांगतेस?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.

म्हणून हे आधीच लिहिते. परत एक तपासणी आहे, येत्या गुरुवारी सकाळी साडेनवाला. डॉक्टर म्हणतात नेहमीची आहे. मला मात्र धाकधूक आहे. बाबा सुट्टी घेणार आहेत. रिपोर्ट सोमवारपर्यंत येईल आणि त्याच दिवशी, चांगला असो नसो, मी स्वतः तुला फोन करीन. ताईकडून निरोप येणार नाही.

तुला उलट काही विचारत नाही. ठरवलं आहे.

खोकं तुझ्या खोलीत, पलंगाखाली ठेवलंय. 1951 च्या वहीतले कोरे रकाने तसेच राहू देत, भरू नकोस. बर्फाच्या पिशव्या दोन पाठवते आहे, जुनी गळत होती.

तुझी,
आई