सायकलची किल्ली

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

ट्रंक आवरताना सापडलेल्या किल्लीचा फोटो पाहिला. ती आजोबांच्या सायकलची, असं मीच तुला लहानपणी सांगितलं होतं. आजोबांना सायकल येतच नव्हती, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसतंय. म्हणूनच "आता खरं सांग" असं लिहिलंस.

ती म्वालिमूची. आजोबांच्या कंपालातल्या शाळेत तो गणित शिकवायचा. उत्तरेकडचा, आचोली जमातीचा. रविवारी यायचा, आजीच्या थालीपिठाबरोबर ठेचा मागून घ्यायचा आणि डोळे पुसत हसायचा.

1972च्या ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं. आपल्या घरात युगांडा म्हणजे तेवढंच: घर गेलं, नाक्यावर सैनिकांनी आजीच्या बांगड्या उतरवून घेतल्या. सगळं खरं आहे. पण ते आमच्यावर गुदरलेलं. आमच्या हातून झालेलं कुणी बोललं नाही, मीही नाही.

17 सप्टेंबरला टांझानियातून ओबोटेंची, म्हणजे अमीननं हटवलेल्या आधीच्या अध्यक्षांची माणसं सीमा ओलांडून आली आणि फसली. मग ओबोटेंचे पाठीराखे समजून आचोली, लांगी जमातींच्या लोकांची धरपकड आणखी वाढली. चारच दिवसांत सरन्यायाधीश किवानुकांना कोर्टातून उचललं; तिथे शाळामास्तराची काय कथा! त्याच सुमारास एका रात्री म्वालिमू मागच्या दारी आला. मी नऊ वर्षांची, पडद्यामागे. तीन रात्री कोठीच्या खोलीत राहू द्या, एवढंच म्हणत होता. आजोबा म्हणाले, "आमचे कागद अजून व्हायचेत." आधी मराठीत, आजीकडे बघत; मग इंग्रजीत, खाली बघत.

त्यानं वाद घातला नाही. सायकल भिंतीला टेकवली, कुलूप घातलं, किल्ली आजोबांच्या हातात ठेवली आणि चालत गेला. महिन्याभरानं आम्ही मोंबासाच्या गाडीसाठी निघालो, तेव्हा सायकल तिथेच होती. दोन्ही चाकांतली हवा गेलेली.

आजोबांना काय म्हणायचं, ते मला साठी उलटली तरी ठरवता आलेलं नाही. त्याला घरात ठेवला असता तर आपण सगळेच गेलो असतो, असं आजी म्हणायची. मी न विचारताच म्हणायची.

त्याचं नाव विचारलंयस. मला माहीत नाही गं. म्वालिमू म्हणजे मास्तर. घरात सगळे तेवढंच म्हणायचे.

किल्ली कुरियरनं पाठवू नकोस. येशील तेव्हा घेऊन ये.

तुझी,
आई