दशक्रियेनंतरची लुगडी

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

रामकुंडावर दशक्रियेसाठी येणारी अनेक कुटुंबे गेलेल्या माणसाचे कपडे गोदावरीत सोडतात आणि पुढे ते घाटाच्या पायऱ्यांना अडकून पडलेले दिसतात. नदीच्या प्रदूषणाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्या कपड्यांविषयीच काही सांगायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. तिची लुगडीही गाठोड्यात बांधून घाटावर न्यायची असे ठरले होते. पण सिन्नरहून आलेल्या मावशीने ते गाठोडे सोडले, त्यातली सुती नऊवारी तेवढी बाजूला काढली आणि म्हणाली, "यांची गोधडी शिवू. तूही बसायचं माझ्याबरोबर." सदऱ्याच्या बटणापलीकडे मी कधी काही शिवलेले नव्हते. पुढचे जवळजवळ तीन महिने आम्ही दोघे रोज संध्याकाळी ओसरीवर बसत होतो.

गोधडीत आधी जुनेराचे धड भाग आणि विरलेले भाग वेगळे करावे लागतात. विरलेले आत थर म्हणून जाते, धड असेल ते वर येते आणि काठ कडेला लागतात. सगळे थर जमिनीवर ताणून अंथरायचे, लांब टाक्यांनी कच्चे धरून घ्यायचे आणि मग कडेकडून मध्याकडे, चौकोनाच्या आत चौकोन, असा धावदोरा घालीत यायचे. हे करताना आईच्या वस्त्रांकडे मी प्रथमच नीट पाहिले. एकाला चुलीच्या ठिणगीने पडलेले भोक होते, तर दुसऱ्याच्या पदराचे टोक पैशांची गाठ मारून मारून कायमचे चुरगळले होते. प्रत्येक तुकड्यामागची हकीकत मावशीला ठाऊक होती आणि त्यातल्या निम्म्याही मी कधी ऐकलेल्या नव्हत्या. दहा दिवसांच्या विधींत मला रडू आले नव्हते. ते आले एका हिरव्या काठाला टाके घालताना, ते लुगडे माझ्या बारशाचे होते हे मावशीने सांगितले तेव्हा.

खोल शोकात ज्यांना वैद्यकीय मदतीची गरज असते त्यांनी ती अवश्य घ्यावी, टाक्यांनी ती गरज भागणार नाही. तरीही शेजारी बसलेल्या माणसाकडे न पाहता, मनात आले तर बोलत आणि नाही तर गप्प राहून, रोज वीतभर पुढे सरकणारे काम हाती असणे मला त्या दिवसांत फार आधाराचे वाटले.

गेलेल्याचे कपडे घरात ठेवू नयेत असे मानणारी घरे आहेत आणि त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु हेच नाशिक धुलिवंदनाला पूर्वजांचे टाक, म्हणजे देवघरातल्या धातूच्या प्रतिमा, 'वीर' म्हणून खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत गोदाघाटावर नेते, त्यांना स्नान घालते आणि पुन्हा देवघरात आणून बसवते. ज्या गावात वीर असे नाचवले जातात, तिथे आईचे लुगडे पांघरुणातून नातवंडांच्या अंगावर आले तर त्यात परके काय आहे?

येवल्याच्या पैठणीला आपण जिल्ह्याचे भूषण मानतो, ते योग्यच आहे. गोधडी मात्र फाटेपर्यंत वापरली जाते, म्हणून संग्रहालयात सहसा पोहोचत नाही. ती हाताने शिवणाऱ्या, माझ्या ओळखीच्या बहुतेक बायका आता सत्तरीपुढच्या आहेत. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाने, अथवा सरकारवाड्याची देखभाल करणाऱ्या पुरातत्त्व विभागाने, आठवड्यातील एक दुपार गोधडी शिकवण्याच्या वर्गासाठी जागा द्यावी, ही माझी विनंती आहे. शिकवणाऱ्या आजींना योग्य मानधन मिळावे. त्यांचे कसब घरकामात जमा धरून फुकट मागण्याची आपली सवय मला अन्यायाची वाटते. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांची कामे होत असताना महापालिकेने रामकुंडाजवळ कपडे स्वीकारण्याची सोय करून तिथे या वर्गाची माहिती लावली, तर इच्छा असलेल्या कुटुंबांना नदीखेरीज दुसरा मार्ग दिसेल.

आईची दोन लुगडी अजून माझ्यापाशी आहेत. वर्ग सुरू झाला, तर मी ती घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक वाचक, पंचवटी, नाशिक