नंद्या, गॅसबद्दल थोडं

ठाणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय नंद्या,

पाकीट बघून हसला असशील. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर उगवत्या सूर्याचे फोटो पाठवणारा माणूस हातानं पत्र लिहितोय म्हणजे एक तर मृत्युपत्र असणार, नाहीतर उसने पैसे हवे असणार. दोन्ही नाही. फोनवर तीनदा सांगायला गेलो. तिन्ही वेळा तू "बाकी काय?" म्हणालास आणि मी "बाकी मजेत" म्हणून फोन ठेवला. कागदाला "बाकी काय" विचारता येत नाही, म्हणून कागद.

परवा वहिनींचा सीमाला फोन आला होता. तू रात्री तीनला उठतोस, पडवीत येरझाऱ्या घालतोस, छाती चोळत बसतोस आणि विचारलं की "गॅस झालाय, ओवा दे" म्हणतोस. वहिनींवर रागावू नकोस, त्या घाबरल्या आहेत. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. चाळीस वर्षांची आपली दोस्ती, आणि तुझी खबर मला बायकोकडून कळते. माझी तर तुला तेवढीही कळली नाही, कारण सीमाला मी शपथ घातली होती. तर आधी माझी सांगतो.

गेल्या वर्षीचा जुलै. दादरहून फास्ट पकडली होती, डब्यात मधोमध उभा. मुलुंड मागं पडलं आणि गाडी सिग्नलला थांबली. बाहेर पाऊस. एकाएकी छाती अशी धडधडायला लागली की शेजारच्याला ऐकू येत असेल असं वाटलं. बोटांना, ओठांना मुंग्या, पाठीवरून घामाच्या धारा, श्वास पुरेना. डोक्यात एकच: संपलं, आपण इथंच मरणार, आणि गर्दी इतकी आहे की खाली पडणारसुद्धा नाही, उभाच राहीन. गाडी ठाण्यात लागली तेव्हा दोन कॉलेजच्या पोरांनी बाकावर बसवलं, पाणी दिलं. एक मला "अंकल, पाय वर घ्या" म्हणत होता. अंकल ऐकून मेलेलं बरं, असंही क्षणभर वाटलं.

पुढचं थोडक्यात. ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट. सगळं स्वच्छ. साखर तेवढी उंबरठ्यावर, एचबीए१सी ५.९. हृदयवाले डॉक्टर म्हणाले, "हार्ट एकदम छान आहे, घरी जा." आणि नंद्या, तुला म्हणून सांगतो, मला वाईट वाटलं. ब्लॉक निघाला असता तर बरं झालं असतं असं वाटलं. आपल्या कट्ट्यावर अँजिओप्लास्टीला केवढा मान आहे बघ. "माझा नव्वद टक्के होता!" "माझे दोन स्टेंट!" शाळेत मार्क सांगायचो तसे ब्लॉकेज सांगतात. मला स्टेंट पडला असता तर लोक शहाळी घेऊन आले असते. रिपोर्ट नॉर्मल आलेल्या माणसाला शहाळं कोण देतं?

नौपाड्यातल्या आपल्या जुन्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "झोप कशी आहे?" मी म्हटलं, "झोपेचं काय त्यात?" त्यांनी थायरॉइड आणि बी-१२ बघून घेतलं, तेही ठीक निघालं. मग म्हणाले, "याला पॅनिक अटॅक म्हणतात. एकदा सायकियाट्रिस्टना दाखवा."

इथं माझी गाडी चार महिने अडकली. तुला कारण वेगळं सांगायला नको. सगळा महाराष्ट्र म्हणतो, "याला ठाण्याला पाठवा." आपण ठाण्यातच वाढलो, म्हणून आपण काय म्हणायचो आठवतंय? "याला घरी पाठवा." १९०१ पासूनचं मनोरुग्णालय ते, कितीजणांना तिथं बरं वाटलं असेल, पण आपल्याला त्याचा उपयोग एकच, पीजे मारायला. आणि तूही रत्नागिरीला जाऊन सुटला नाहीस, तिथंही एक आहेच! विनोदाचा कळस म्हणजे मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये जे नवं स्टेशन व्हायचं आहे ते त्याच मनोरुग्णालयाच्या जागेवर. माझी गाडी जुलैत थांबली होती ती साधारण तिथंच. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं.

त्या चार महिन्यांत मी काय केलं ते ऐक, कारण मला वाटतं तूही असलंच काहीतरी करत असशील. फास्ट सोडली. स्लोनं जायला लागलो, कारण स्लोला दर दोन-चार मिनिटांनी उतरायची सोय असते. ऑफिसात सांगितलं, वाचायला वेळ मिळतो. मग स्लोमध्येही दाराजवळच उभा राहायला लागलो. मग गडकरीला नाटकाला गेलो तर कडेची खुर्ची. मग नाटकच नको. लग्नांना "पाठ दुखते." रात्री झोप यावी म्हणून दोन पेग, त्यानं बारा वाजता झोप लागायची आणि तीनला टक्क जाग, छातीत पुन्हा धडधड. तुझ्या तीन वाजण्याचा आणि शुक्रवारच्या बाटलीचा काही संबंध आहे का, हे मी विचारत नाही. तू स्वतःला विचार.

शेवटी सीमानं अपॉइंटमेंट घेतली. माझी अट एकच, ठाण्यात नको. म्हणून वाशी! नऊ नंबरवरून ट्रान्स-हार्बरची गाडी, अर्ध्या तासात वाशी. ऐरोली गेल्यावर जरा मोकळं वाटलं, आता ओळखीचं कुणी नाही. दवाखान्यात शिरलो, खुर्चीवर बसलो, मान वर केली तर समोर आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ. सी विंग. नाव लिहीत नाही, त्यांना सी-विंगच म्हणू. जनरल बॉडी मीटिंगमध्ये माइक न घेता बोलणारा माणूस, तो मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. मीही खुपसलं. वीस मिनिटं आम्ही एकमेकांना न ओळखता तीन फुटांवर बसलो होतो. त्यांचा नंबर आला, आत गेले, बाहेर आले आणि माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. घाबरू नका." बस, तेवढंच.

बाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी मला समजावलं ते असं: संकट आलं की पळायला किंवा लढायला अंगात अ‍ॅड्रिनलिन सुटतं. माझ्यात ते संकट नसताना सुटलं. आग नसताना वागळे इस्टेटमधला भोंगा वाजावा तसं. मग माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना आणि ओठांना मुंग्या. त्या मुंग्यांनी माणूस आणखी घाबरतो, आणखी भराभर श्वास घेतो. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत कळस होतो आणि मग उतरतं. हे ऐकून मला केवढा आधार वाटला! मी त्याला भूत समजत होतो, त्याला वेळापत्रक निघालं.

गोळी सुरू झाली. पहिले आठ-दहा दिवस उलट बेचैनी वाढली, मळमळ. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चहा पिताना लक्षात आलं की रात्री तीन वाजून गेलेले मला कळलेच नाहीत. गोळीबरोबर दर आठवड्याला एक बैठक. तिथं सांगितलेला अभ्यास म्हणजे सोडलेल्या गोष्टी परत पकडायच्या, आधी सोप्या, मग अवघड. स्लोच्या दारापासून फास्टच्या मध्यापर्यंत मला अडीच महिने लागले.

आता सी-विंग. पुढच्या शनिवारी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "सकाळी उपवनला येता का?" तेव्हापासून आम्ही शनिवार-रविवार उपवनहून येऊरचा चढ चढतो. समोरासमोर बसून त्यांना एक वाक्य बोलता आलं नसतं, मलाही नाही. पण शेजारी-शेजारी चालताना नजर रस्त्यावर असते, दम लागलेला असतो, मध्ये गप्प राहिलं तरी चालतं. तिसऱ्या रविवारी चढावर ते म्हणाले, "एक विचारू? तुम्हाला गोळीनं... म्हणजे रात्री... घरात..." आणि एका माकडाकडे बघत उभे राहिले. मला कळलं. मी म्हटलं, "हो, मलाही." नंद्या, ते इतके मोठ्यांदा हसले की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. महिनाभर त्यांना वाटत होतं की त्यांचंच काहीतरी संपलं. या गोळ्यांनी बऱ्याच जणांना तसं होतं, डॉक्टरांना सांगितलं की डोस कमी-जास्त करता येतो, गोळी बदलता येते. ते मात्र न सांगता गोळीच बंद करायच्या बेतात होते, आणि एकदम बंद केलेली चालत नाही. साठीच्या घरातला माणूस, दोन पोरांची लग्नं झालेली, आणि हे विचारायला त्याला माकडाकडे बघावं लागलं. मी हसतोय, पण मीही बाईंना हे चिठ्ठीवर लिहून दिलं होतं.

मग हिंमत वाढली आणि तलावपाळीच्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगून टाकलं. प्रतिसाद काय? एक म्हणाला, "प्राणायाम कर." दुसरा, "तुला कसलं टेन्शन, फ्लॅटचं कर्ज फिटलंय." एकानं अपेक्षेप्रमाणे ठाण्याचा जोक मारला. मग सगळे मिसळ कुठली तिखट यावर गेले. मी खट्टू होऊन घरी आलो. रात्री बाराला मेसेज: "त्या डॉक्टरांचा नंबर दे. कोणाला बोलू नकोस." कोणाचा असेल? जोकवाल्याचाच.

मला या सगळ्यात राहून राहून बाबा आठवतात. कंपनी बंद पडली त्या वर्षी रात्री चाळीच्या गॅलरीत उभे राहायचे, छाती चोळत. आई ओवा आणि काळं मीठ द्यायची. "गॅस झालाय" म्हणायचे. पंधरा वर्षं आमच्या घरात गॅसच होता. पित्त, गॅस, बीपी, फार तर टेन्शन. याच्या पुढचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. वहिनींचा फोन आला आणि सीमानं "ओवा" म्हटलं, तेव्हा मला तू दिसलाच नाहीस, बाबा दिसले.

तर आता तुझं. माझं मन निघालं म्हणून तुझंही मनच असेल असं समजू नकोस. तू त्रेपन्नचा, सिगारेट सोडून जेमतेम तीन वर्षं. आधी ईसीजी, आणि उद्याच. छातीत दाबल्यासारखं झालं, हातात किंवा जबड्यात कळ गेली तर उद्याचीही वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल. पॅनिक की हार्ट हे घरच्या घरी कुणाला कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. ते स्वच्छ निघालं तर झोपेबद्दल बोल. आणि तपासणीत खरोखरच गॅस निघाला, तर मी कट्ट्यावर तुझी जाहीर माफी मागेन, मिसळ माझ्याकडून.

आणखी एक विचारायचंय, चार ओळी खोडून लिहितोय. तुझ्या मनात जगणं नको असं येतं का? विचारल्यानं ते कुणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नाही, असं बाई म्हणाल्या, म्हणून धीर केला. बँकेत होतास, आकडे वाचतोस: २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, दर दहांत सात पुरुष. त्यातले कितीजण आदल्या दिवशी "बाकी मजेत" म्हणाले असतील, मला माहीत नाही. येत असेल तर मला सांग. मला सांगायला नको वाटलं तर १४४१६ लाव, सरकारी टेलिमानस, फुकट आहे, रात्री-बेरात्री उचलतात, मराठीत बोलतात. व्हीआरएस घेतल्यापासून तू फक्त कलमं, फवारणी आणि माकडं याबद्दलच बोलतोस. मी ऐकत होतो. त्यामागचं विचारलं नाही, ही माझी चूक.

मी बरा झालो असं समजू नकोस. डिसेंबरात डोंबिवलीच्या एका लग्नात पुन्हा आलं. हॉलबाहेर जाऊन बुटांच्या ढिगाशेजारी बसलो, लांब श्वास सोडत राहिलो, दहा मिनिटांनी आत येऊन जिलबी खाल्ली. पाचवी चाललीय गोळी, म्हणजे पाचवा महिना. बाई म्हणतात अजून बरेच महिने. चालेल.

पुढच्या महिन्यात मांडवी एक्स्प्रेसनं ये, ठाण्याला थांबते. चार दिवस राहा. सी-विंगना मी विचारून ठेवलंय, ते म्हणाले, "आणा की, चढ आहे, जरा हळू चालू." तुझ्या गुडघ्यांचं त्यांना सांगितलंय. बाकीचं तुझं तू.

आणि तोवर, तीनला जाग आली तर फोन कर. सायलेंटवर ठेवत नाही मी आता. काही बोलायला सुचलं नाही तर "गॅस झालाय" एवढंच म्हण, मी उठून बसतो.

तुझाच,
श्री

ता. क. येताना कोकमाचं आगळ आण, गेल्या वेळचं सीमाच्या भावानं पळवलं. आणि हे पत्र वहिनींना वाचायला दे. माकडाचा भाग सोडून.