फोटो काढायला कुठं उभी राहते, ते सांगते

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, मी मोर्चे नि शोकसभांचे फोटो काढते म्हणून तू फोनवर विचारलंस, रडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरवतो तरी कसा? तोंडासमोर धरायचाच नसतो. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं आणि दुसऱ्या दिवशी, ऐन केशवरावांच्या जयंतीला, कलाकार मंडळी त्या राखेपुढं उभी होती. अशा वेळी डोळ्यांतलं पाणी टिपायला चार जण पुढं घुसतातच. खरं तर पाच-सहा पावलं मागं, जरा बाजूला उभं राहून ३५ एमएमची, म्हणजे आजूबाजूचंही मावेल अशी लेन्स लावावी. मग माणूस आणि तो बघतोय ती काळवंडलेली भिंत, दोन्ही एका चौकटीत येतात. लांबच्या लेन्सनं नुसता चेहरा ओढला, तर तो कुठल्याही गावचा आणि कुठल्याही दुःखाचा होतो.

सगळ्यात अवघड म्हणजे स्तब्धता. ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी १० वाजता कोल्हापूर १०० सेकंद थांबलं होतं, आठवतंय ना? पण फोटोत सगळंच थांबलेलं दिसतं, पळणारी रिक्षासुद्धा! मग लोक थांबलेत हे कळणार कसं? त्यासाठी शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड सोडणारा पडदा, १/८ सेकंद उघडा ठेवायचा. माणसं स्वच्छ येतात, वाऱ्यावरचा झेंडा तेवढा पुसट होतो. भर उन्हात एवढ्या हळू शटरला फोटो पांढरा पडतो, म्हणून एफ १६ (लेन्सचं भोक लहान), आयएसओ १०० (उजेड टिपायची ताकद कमी) आणि पुढं चार स्टॉपचा, म्हणजे उजेड सोळापट कमी करणारा काळसर एनडी फिल्टर. कॅमेरा ट्रायपॉडवर, नाहीतर कठड्यावर टेकवून. जागा आधीच हेरून ठेवायची. १०० सेकंदांत चौक ओलांडून होत नाही.

शोकसभेत खटक्याचा आवाज नको म्हणून मूक शटर लावलं, की एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे उठतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. मेणबत्त्यांच्या फेरीत एफ १.८ (लेन्सचं भोक मोठं), शटर १/१२५, आयएसओ ३२००, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची पिवळी-निळी छटा ठरवणारी सेटिंग, ३००० केल्विनच्या आसपास. ऑटोवर ठेवला तर तो ज्योतीचा पिवळेपणाच मारून टाकतो. फ्लॅश नाहीच.

बाबा, तुम्हाला गर्दीचे फोटो आवडतात. मला त्यांचाच संशय येतो. खाली बसून २०० एमएमच्या लांबच्या लेन्सनं समोरून घेतला, तर माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि ५० माणसं ५०० वाटतात. कम्युनिस्ट नेते कॉ. गोविंद पानसरे सकाळी फिरून येताना झालेल्या गोळीबारानंतर २० फेब्रुवारी २०१५ ला गेले. त्यानंतर महिन्याच्या २० तारखेला त्याच्या निषेधाची ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ ही सकाळची फेरी निघू लागली. अशा फेरीत माणसं मोजकी असली, तर मोजकीच दिसू द्यावीत. पुन्हा पुन्हा येणं हाच तिथला विषय असतो, त्यामुळं दरवेळी त्याच कोपऱ्यावरून, त्याच लेन्सनं फोटो घ्यावा.

दगडफेकीची काळजी करू नका. पोलीस आणि जमाव यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जायचंच नाही. पाठीला भिंत आणि हाताशी एखादा बोळ हवा. मोर्चापुढं उलटं चालताना माणूस स्पीडब्रेकरवर हमखास आपटतो, म्हणून बॅगेचा पट्टा धरायला कुणीतरी सोबत लागतंच. गच्चीवरून काढायचा असेल तर मालकाला आदल्या दिवशी विचारायचं. ऐन वेळी जिन्याची किल्ली सापडत नाही. फोटो एकाच वेळी कॅमेऱ्यातल्या दोन मेमरी कार्डांवर उतरतात, त्यामुळं एक कार्ड बिघडलं तरी काम बुडत नाही. लहान मुलांचे आणि तोंड लपवणाऱ्यांचे चेहरे मी बाहेर देत नाही.

प्रत्येक फोटोखाली तारीख, चौक आणि फलकावरची मागणी जशीच्या तशी लिहिते, नाहीतर दहा वर्षांनी ही गर्दी मोर्चाची की मिरवणुकीची, तेच कळणार नाही. बाबा, बिंदू चौकातले काही जुने फोटो रविवारी दादाच्या फोनवर पाठवते. चष्मा लावून बघा आणि कुठल्या साली, कशासाठी लोक जमले होते, तेवढं सांगा.

तुमची,
धाकटी