छोट्या मासिकांची किंमत हेरांना कळते, आपल्याला कळत नाही

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र वाचलं, की गुप्तचर खात्यांच्या मागे लागणारी ही छोटी मासिकं म्हणजे नुसता कॉन्स्पिरसी थिअरीचा बाजार, कशाचाही संबंध कशालाही लावायचा आणि अंक खपवायचा. राहवलं नाही म्हणून लिहितोय. तसली मासिकं आहेत, नाही असं नाही, पण सगळ्यांना एकाच माळेत ओवलं म्हणजे जरा अतीच झालं.

रॅम्पार्ट्सचंच बघा ना. सॅन फ्रान्सिस्कोचं मासिक, सुरुवात १९६२ मध्ये कॅथलिक लोकांचं साहित्यिक त्रैमासिक म्हणून, म्हणजे हेरगिरीशी काडीचा संबंध नाही. त्यांच्याकडे अमेरिकेतल्या नॅशनल स्टुडंट असोसिएशनसाठी निधी गोळा करणारा एक जण आला आणि म्हणाला, आमच्या संघटनेला वर्षानुवर्षं सीआयएचा पैसा येतोय. आता नुसतं तोंडी सांगितलेलं कोण छापणार? तर ह्यांनी पैसा कुठल्या कुठल्या फाउंडेशनमधून येतो ते धरलं. गंमत म्हणजे त्यातली काही नावं १९६४ मध्येच राइट पॅटमन ह्या खासदारानं करमुक्त संस्थांच्या चौकशीत सगळ्यांसमोर बोलून दाखवली होती, पेपरांनी छापली, पॅटमननं विषय गुंडाळला आणि पेपरही विसरले. रॅम्पार्ट्सवाले विसरले नाहीत, तीच नावं धरून मागे मागे गेले. मग कळलं की संघटना स्वतःच प्रेस कॉन्फरन्स घेऊन बातमीतली हवा काढणार आहे, तेव्हा संपादक वॉरन हिंकलनं १४ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टमध्ये फुल पेज जाहिरातच ठोकून दिली, अंक यायच्या आधी. स्वतःची बातमी स्वतःच फोडायची आणि वर त्याचे पैसे भरायचे, ह्याला डोकं लागतं! पुढच्याच महिन्यात जॉन्सन सरकारला असा चोरून पैसा देणं बंद करतो म्हणून जाहीर करावं लागलं.

आणि सीआयए काय करत होती, तर ह्या मासिकाच्या टॅक्सच्या कागदांपर्यंत पोचली होती, ह्यांना बाहेरच्या देशातून पैसा येतो का ते शोधायला. पत्रलेखक म्हणतात तसं हे सगळं फालतू असतं तर एवढी मेहनत कशाला घेतली असती हो?

उलटी बाजू पण बघा. लंडनचं एन्काउंटर, १९५३ मध्ये सुरू झालेलं, भलेभले लेखक त्यात लिहायचे, त्यामागे काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम ही संस्था आणि त्या संस्थेमागे सीआयए. १९६७ मध्ये हे उघड झालं तेव्हा संपादक स्टीफन स्पेंडर राजीनामा देऊन बाहेर पडले. त्याच संस्थेच्या भारतातल्या शाखेनं १९५५ मध्ये मुंबईहून क्वेस्ट काढलं होतं, पहिले संपादक निसीम इझिकेल. लिहिणाऱ्यांना सगळं माहीत होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, आणि लिखाण चांगलं होतं हीच तर पंचाईत आहे. म्हणजे असल्या मासिकांचं वजन काय असतं ते हेरांना नीट माहीत होतं, एकाला पैसे पुरवले आणि दुसऱ्याच्या मागे माणसं लावली.

स्वीडनमध्ये तर १९७३ मध्ये फोल्केत इ बिल्ड ह्या छोट्या मासिकानं आयबी नावाचं एक गुप्त खातंच उघडं पाडलं, सत्ताधारी सोशल डेमोक्रॅट पक्षाशी त्याचं साटंलोटं, आणि डाव्या मंडळींवर पाळत. बक्षीस काय मिळालं, तर पीटर ब्रात आणि यान गियू ह्या दोघा पत्रकारांना तुरुंगवास.

सगळंच बरोबर केलं असं नाही. अमेरिकेतलं काउंटरस्पाय सीआयएच्या माणसांची नावंच छापायचं, त्यात रिचर्ड वेल्चचंही होतं, आणि डिसेंबर १९७५ मध्ये अथेन्सला घरासमोर त्याला गोळ्या घातल्या. त्याचं नाव आणि पत्ता तिथल्या एका इंग्रजी पेपरातही आला होता त्यामुळे दोष एकट्या मासिकाचा नाही, पण खात्याचे उद्योग छापणं वेगळं आणि माणसाचं नाव छापणं वेगळं, आणि हे दुसरं मला तरी पटत नाही ते नाहीच. पुढे १९८२ मध्ये अशी नावं छापण्याविरुद्ध अमेरिकेत कायदाच झाला.

तुम्हाला एक विनंती. अशा मासिकांनी खणून काढलेली बातमी मोठ्या एजन्सीकडून फिरत फिरत येते आणि आपल्याकडे 'एका परदेशी नियतकालिकाने म्हटले आहे' एवढंच छापतात. त्या मासिकाचं नाव छापत जा, शक्य असेल तर त्याला पैसा कुठून येतो तेही एका ओळीत. वाचणारा मग बघून घेईल.

आपला,
एक नियमित वाचक